फॉन्टात दडलेली चिन्हं शोधायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशातल्या डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्याला, जेवायलाही उसंत नसते. एका हाताने लग्नपत्रिकेचं प्रूफ, दुसऱ्या हाताने केळीच्या रोपवाटिकेचं दरपत्रक, आणि काउंटरवर कुणीतरी नाना उभे: "भाऊ, ते साथियाचं (स्वस्तिकाचं) चिन्ह टाकी दे ना जरा." चिन्ह फॉन्टात असतं, फक्त सापडत नाही. किंवा सापडतं आणि छपाईत डबा, म्हणजे रिकामा चौकोन, होऊन बसतं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनी आणि नव्याने काम शिकणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आधी एक सूचना. चिन्हांचे कोड, म्हणजे संगणकातले त्यांचे क्रमांक, इथे देवनागरीत छापले आहेत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा. "२०बी९" म्हणजे इंग्रजी आकडे आणि इंग्रजीतला बी. मराठी कीबोर्ड चालू ठेवून कोड मारलात तर काहीच होणार नाही, आणि मग तुम्ही मला फोन कराल.

एखाद्या फॉन्टात काय काय आहे, ते एका ठिकाणी कुठे दिसेल?

विंडोजमध्ये "कॅरेक्टर मॅप" नावाचा छोटा प्रोग्राम आधीपासूनच असतो. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजीत चारमॅप लिहा, एंटर मारा. वरच्या यादीतून फॉन्ट निवडला की त्यातली चिन्हं जाळीत मांडून येतात. एखाद्यावर क्लिक केलं की ते मोठं दिसतं आणि खाली त्याचा युनिकोड क्रमांक व इंग्रजी नाव येतं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत). काही चिन्हांना उजव्या कोपऱ्यात ऑल्टचा आकडाही दिसतो. सिलेक्ट, कॉपी, आणि आपल्या फाइलमध्ये पेस्ट.

खाली "ॲडव्हान्स्ड व्ह्यू"ची टिकली आहे, ती मारून ठेवा. मग नावाने शोधता येतं: इंग्रजीत डिग्री लिहिलं की अंशाचं चिन्ह पुढे येतं. हजारभर चौकोन डोळ्यांनी चाळत बसलेली पोरं मी पाहिलीत. त्यांनी ही टिकली कधी मारलेलीच नसते.

वर्डमध्ये हेच काम इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स या वाटेने होतं. लिबरऑफिसमध्ये इन्सर्ट मेनूत स्पेशल कॅरेक्टर आहे.

मग त्या नकाशात क्ष, ज्ञ, श्री का दिसत नाहीत? फॉन्टात तर आहेत!

हा प्रश्न कळला की बाकीचं निम्मं कोडं सुटलं, म्हणून इथे थोडं थांबू.

फॉन्ट म्हणजे आकारांचं कपाट. काही आकारांना पत्ता, म्हणजे युनिकोडचा कोड, असतो, काहींना नसतो. युनिकोडने देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ असे १२८ पत्ते राखून ठेवले आहेत. "क" ला पत्ता आहे, "ष" ला आहे, हलन्ताला (अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेला) आहे. "क्ष" ला मात्र स्वतःचा पत्ता नाही. क, हलन्त आणि ष असे तीन पत्ते ओळीने आले की फॉन्टाच्या पोटातले नियम तिघांना उचलून त्या जागी "क्ष"चा एकच आकार बसवतात. "ज्ञ", "त्र", "श्र" यांचंही तसंच. चांगल्या मराठी फॉन्टात असे बिनपत्त्याचे आकार शेकड्यांनी असतात.

कॅरेक्टर मॅप फक्त पत्ते असलेली घरं दाखवतो. म्हणून जोडाक्षर तिथे शोधूच नका, ते टाइप करा. फॉन्टातले सगळे आकार डोळ्यांनी पाहायचेच असतील तर इनडिझाइनमध्ये टाइप मेनूतलं ग्लिफ्स पॅनेल उघडा. तिथे बिनपत्त्याचेही दिसतात. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबलं की तसंच पॅनेल उघडतं, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव इन्सर्ट कॅरेक्टर. फॉन्ट विकत घेण्याआधी मी ग्लिफ्समध्येच पाहतो. "ट्ट", "द्भ", "ह्म" नीट जमलेत का, "ळ" गोंडस आहे का. जाहिरातीतलं "मराठी" हे नाव तर कुणीही लिहितं.

माझ्याकडे चिन्ह दिसतं, पण प्रेसला गेलं की तिथे डबा येतो. का?

कारण ते चिन्ह तुमच्या फॉन्टात नव्हतंच. वर्डसारखे प्रोग्राम कनवाळू असतात. निवडलेल्या फॉन्टात चिन्ह नसेल तर ते गुपचूप शेजारच्या फॉन्टातून उसनं आणून दाखवतात. तुम्हाला वाटतं, आहे. प्रेसच्या संगणकावर तो शेजारचा फॉन्ट नसला की उसनवारी उघडी पडते.

माझ्याच हातून हे झालंय. एका रोपवाटिकेचं दरपत्रक केलं, प्रत्येक ओळीत रुपयाचं चिन्ह. स्क्रीनवर झकास. छापून आलं तेव्हा प्रत्येक दरापुढे डबा. गिऱ्हाईक भला माणूस, म्हणाला, "भाऊ, डब्यात रोप देऊ का आता?" कागदाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. ते एकच चिन्ह निवडून वरच्या खिडकीत फॉन्टचं नाव पाहतो. उसनं असेल तर बहुतेक वेळा तिथेच दुसरं नाव दिसतं. आणि पीडीएफ केल्यावर रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची यादी बघतो. आपण वापरलाच नाही असा फॉन्ट यादीत निघाला, तर तो सावकार.

₹ जुन्या फॉन्टात का सापडत नाही?

हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. डी. उदय कुमार यांनी ते रेखाटलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलं, पत्ता २०बी९. त्याआधी बनलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टात ते असणार कसं?

वर्डमध्ये २०बी९ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, ₹ हजर. विंडोजचा कीबोर्ड "इंग्लिश (इंडिया)" असेल तर उजवं ऑल्ट आणि ४.

एक जुनी भानगडही सांगतो. चिन्ह नवीन होतं तेव्हा एक फॉन्ट सगळीकडे फिरत होता, त्यात टॅबच्या वरच्या बटणावर रुपया बसवला होता. त्या काळातल्या फाइली आज उघडल्या की रकमेआधी नुसती एक तिरकी टिकली दिसते. सराफाच्या जुन्या दरफलकाची फाइल आली आणि आकड्यांपुढे अशी टिकली दिसली, तर घाबरू नका. शोधा आणि बदला वापरून सगळीकडे खरा ₹ टाका.

ऑल्ट धरून आकडा मारायची पद्धत अजून चालते का?

चालते, पण आकडे कीबोर्डच्या उजव्या कप्प्यातलेच हवेत आणि नम लॉक चालू हवं. रोज लागणारे एवढेच पाठ करा: ऑल्ट ०१७६ म्हणजे °, ०२१५ म्हणजे ×, ०१८८ ¼, ०१८९ ½, ०१९० ¾, ०१६९ ©, ०१७४ ®. सुरुवातीचं शून्य खायचं नाही, नाहीतर भलतंच चिन्ह येईल.

लॅपटॉपवर तो कप्पाच नसतो. मग विंडोज १० किंवा ११ वर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम दाबा. इमोजींची पेटी उघडते, तिच्यात चिन्हांचाही एक खण आहे.

अंशाऐवजी वर एक छोटं शून्य टाकलं तर काय बिघडतं?

छापील कागदावर कदाचित नाही. पण मे महिन्यात भुसावळचा पारा ४५° च्या वर गेला, ही बातमी कुणी कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की वर उचललेलं शून्य खाली येतं आणि तापमान होतं ४५०. केळी काय, भुसावळच उकळून निघेल.

चिन्हाची जागा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीत चार ठिकाणी हे सर्रास होतं. विसर्ग (ः) आणि अपूर्णविराम (:) हे दिसायला सारखे, पण "पुनः" मधला विसर्ग अक्षराला चिकटतो आणि "स्थळ:" मधला अपूर्णविराम हा वेगळा प्राणी आहे. पत्रिकांमध्ये "स्थळः" असं विसर्ग लावून छापलेलं निम्म्या गावात दिसेल. दंड (।) आणि कीबोर्डवरची उभी रेघ वेगळे, दोन रेघा शेजारी ठेवून ॥ होत नाही, ॥ ला स्वतःचा पत्ता आहे, ०९६५. "५×५ फूट" लागवडीतला गुणाकार इंग्रजी एक्स अक्षराने लिहू नका. आणि संक्षेपाचं ॰ हे पोकळ चिन्ह शून्य नाही, मराठीत "डॉ." चा साधा टिंबच पुरे.

लग्नपत्रिकेसाठी ॐ, स्वस्तिक, कलश, गणपती कुठून आणायचे?

ॐ सोपा. देवनागरीतच आहे, पत्ता ०९५०, कुठल्याही बऱ्या मराठी फॉन्टात सापडतो.

स्वस्तिक देवनागरीच्या घरात नाही, आणि लोक शोधतात नेमकं तिथेच. ते दोन ठिकाणी आहे: चिनी अक्षरांमध्ये (卐, पत्ता ५३५०) आणि तिबेटी विभागात, जिथे २००९ मध्ये चार स्वस्तिकं आली. आपण दारावर काढतो तसं उजवं, चार टिंबांसकट हवं असेल तर ०एफडी७. पण प्रत्येक तिबेटी फॉन्टात ते नसतं, आणि चिनी फॉन्टातलं जरा चिनी वळणाचंच दिसतं. डावं आणि उजवं नीट पाहून घ्या. ५३४डी हे उलट्या दिशेचं आहे आणि ते छापून गेलं तर आजी पत्रिका परत पाठवतील. मी तर कोरलमध्ये एकदा रेषांनी काढून ठेवलंय, तेच वापरतो.

कलश, सनई-चौघडा, गणपती हे बहुधा चित्र-फॉन्टांत असतात. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी चित्रं बसवलेली असतात, कोणतं बटण दाबलं की कोणता गणपती येईल हे त्या फॉन्टवाल्याची मर्जी. मायक्रोसॉफ्टचा विंगडिंग्ज तसाच: त्यात ऑल्ट ०२५२ मारलं की बरोबरची खूण येते, फॉन्ट बदलला की तिथे भलतंच अक्षर उरतं. म्हणून पत्रिकेतली अशी चित्रं प्रेसला देण्याआधी कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांच्या आकारात, बदला. नाहीतर वधूच्या नावावर गणपतीऐवजी इंग्रजी अक्षर बसतं.

नव्या चित्र-फॉन्टात काय आहे हे दर वेळी शोधत बसायचं का?

नाही. एकदाच तक्ता करा. पानावर कीबोर्डवरची सगळी अक्षरं साध्या फॉन्टात ओळीने लिहा, प्रत्येकाशेजारी तेच अक्षर पुन्हा लिहून त्याला चित्र-फॉन्ट लावा, छापा आणि भिंतीला चिकटवा. माझ्या टेबलासमोर असे अकरा कागद आहेत, त्यातले दोन उंदराने खाल्लेत.

जुन्या मराठी फॉन्टांत चिन्ह शोधताना इतका घोळ का होतो?

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही घराणी युनिकोड रुळण्याआधीची. तेव्हा फॉन्टात जेमतेम सव्वादोनशे जागा मिळत आणि त्यासुद्धा इंग्रजीच्या. मग अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या, "श्री" चौथ्या. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने मांडणी केली. त्यामुळे कॅरेक्टर मॅपमध्ये असा फॉन्ट उघडला की मराठी आकार दिसतो आणि खाली नाव भलत्याच इंग्रजी अक्षराचं. तिथे नाव बघायचं नाही, आकार बघून उचलायचं. एका कंपनीच्या फॉन्टातला ॐ दुसरीच्या फॉन्टात टाकला की तो ॐ राहत नाही.

पेजमेकर वापरणारी दुकानं अजून आहेत. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. तिथे ₹ किंवा ॲ शोधण्यात दिवस घालवू नका, ओळ दुसरीकडे करून चित्र म्हणून आणा.

"शेतकर्यांना" असंच उमटतं. "शेतकऱ्यांना" मधला तो तिरपा र कुठे आहे?

खान्देशात छापल्या जाणाऱ्या फ्लेक्सवर सगळ्यात जास्त चुकणारा शब्द हाच असेल, आणि नेमका शेतकऱ्यांच्याच मेळाव्याला चुकतो.

र, हलन्त, य असं टाइप केलं की संगणक रफार देतो: र्य. मराठीला मात्र "र्य" आणि "ऱ्य" दोन्ही लागतात. "आचार्यांना" म्हणजे गुरुजींना, "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक्यांना. भरीत पार्टीच्या आमंत्रणात यांची अदलाबदल झाली तर वांगी कोण भाजणार यावरून वाद होईल. "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" सातपुड्यात.

हे अक्षर नकाशात सापडणार नाही, कारण तेही बिनपत्त्याचं आहे. ते बनवायचं असतं. खाली टिंब असलेला र (ऱ, पत्ता ०९३१) घ्या, हलन्त द्या, मग य. टिंब आपोआप नाहीसं होतं आणि तिरपा र उभा राहतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की बहुधा ऱ मिळतो. दुसरी वाट अशी: र, हलन्त, मग २००डी हे अदृश्य जोडचिन्ह, मग य. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजतो. एका फाइलीत एकच पद्धत ठेवा. मी पहिली ठेवतो.

"ॲ" नीट येत नाही, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

ते वर्तुळ म्हणजे आधाराविना लटकलेली मात्रा. अ वर नुसता अर्धचंद्र चढवायला गेलात की काही फॉन्ट नाक मुरडतात. "ॲ" ला आता स्वतःचं घर आहे, ०९७२. ते २००८ मध्ये मिळालं. त्याआधीचा फॉन्ट असेल तर त्यात ते नसणारच. हिंदी पद्धतीचा "ऍ" (०९०डी) हा वेगळा. मराठीत ॲडव्हान्स, ॲडव्होकेट असंच लिहा.

"उद्‌घाटन" मध्ये द आणि घ एकमेकांवर चढतात. सुटे हवेत.

द, हलन्त, मग २००सी, मग घ. २००सी हे न जोडणारं अदृश्य चिन्ह आहे. वर्डमध्ये २००सी लिहून ऑल्ट एक्स. "वाङ्‌मय" लाही हाच उपाय. पुढारी उभे असताना हे शिकू नका, आधी करून पाहा.

कुणीतरी पाठवलेल्या मजकुरात एक अनोळखी चिन्ह आहे. त्याचा पत्ता कसा काढू?

ते वर्डमध्ये चिकटवा, कर्सर त्याच्या लगेच पुढे ठेवा, ऑल्ट एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा कोड येईल. पुन्हा दाबलं की चिन्ह परत. कोड एफ०ने सुरू झाला तर ते विंगडिंग्जसारख्या चित्र-फॉन्टातलं आहे. ई००० ते एफ८एफएफ हा ६,४०० जागांचा खासगी पट्टा आहे, तिथे प्रत्येक फॉन्टवाला हवं ते ठेवतो, त्यामुळे मूळ फॉन्ट मागवण्यावाचून इलाज नाही. आणि देवनागरी अक्षराचा कोड ००ने सुरू झाला, तर तो मजकूर जुन्या फॉन्टातला समजा.

ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी ल, श फॉन्टात आहेत का?

बऱ्याचदा असतात, पण मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही आकार आहेत. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा, वळण बदलतं. वेबपानावरही भाषा मराठी नोंदवावी लागते. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टात मराठी वळण मुळातच आहे.

अहिराणीसाठी वेगळा फॉन्ट लागतो का?

नाही. कुठलाही चांगला मराठी फॉन्ट चालतो.

आणि मोडीसाठी?

मोडीला लागतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ असल्यामुळे असेल, पण मोडी शिकणारी पोरं आमच्याकडे वरचेवर येतात. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पत्ते ११६०० पासून पुढे. इथे कॅरेक्टर मॅप हात टेकतो, कारण तो चार अंकी पत्त्यांपलीकडे जातच नाही. लोकांना वाटतं फॉन्ट बिघडला. फॉन्ट ठीक असतो, नकाशा अपुरा आहे. नोटो सान्स मोडी घाला आणि लिबरऑफिसच्या स्पेशल कॅरेक्टरमध्ये पाहा. वर्डमध्ये ११६०० आणि ऑल्ट एक्स केलं की मोडी अ येतो.

मॅक आणि लिनक्सवाल्यांनी काय करायचं?

मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट, यू दाबून कोड.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मजकुरातले इमोजी जसेच्या तसे हवेत, असं गिऱ्हाईक म्हणतं.

दिवा 🪔 आणि देऊळ 🛕 हे दोन्ही २०१९ मध्ये आले, त्याआधीच्या विंडोजवर ते डबेच दिसतात. इमोजीचा फॉन्ट रंगीत असतो आणि कोरल-फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या त्याला काळं-पांढरं करतात किंवा गाळतात. मी इमोजी मोठ्या आकाराचं चित्र म्हणून घेतो आणि मजकुराशेजारी ठेवतो. आणि दादांना विचारून घेतो की नावापुढे पंधरा आगीचे गोळे खरंच हवेत का. हवेच असतात.